एपी स्टॅटिस्टिक्स: शाळेत वर्गच नाही, घरी अभ्यास करून मे मध्ये परीक्षा द्यावी का?

कैरीपन्हं (१२ ऑक्टोबर २०२४, सकाळी ८:४०)

नमस्कार मंडळी,

इथे अमेरिकेत शाळकरी मुलं असलेले बरेच जण आहात म्हणून विचारते. लेक यंदा अकरावीत. त्याच्या शाळेत एपी (अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट, म्हणजे शाळेत असतानाच घ्यायचे कॉलेजच्या पातळीचे विषय) स्टॅटिस्टिक्स शिकवतच नाहीत. ज्या बाई शिकवायच्या त्या निवृत्त झाल्या आणि वर्ग बंद पडला. पोराला बास्केटबॉलच्या आकडेवारीचं वेड. पुढे मानसशास्त्र किंवा पब्लिक हेल्थ घ्यायचं मनात आहे. 'मी घरीच करतो आणि मे मध्ये परीक्षा देतो' म्हणतोय. अल्जिब्रा टू झालंय, यंदा प्रीकॅल्क्युलस चालू आहे.

घरात दोन पक्ष पडलेत. नवरा मेकॅनिकल इंजिनियर. त्याचं म्हणणं, 'कॅल्क्युलस लागत नाही ना? मग नाताळच्या सुट्टीत उरकेल, मी शिकवतो.' मला ही खात्री जरा जास्तच वाटते. मी स्वतः बीकॉम. सरासरी, मध्यक, बहुलक यांच्यापलीकडे गेल्याचं मला आठवत नाही.

तर, हे घरी जमण्यासारखं आहे का? आठवड्याला किती वेळ द्यावा लागेल? आणि शाळेत विषयच नसेल तर परीक्षेला बसायचं कुठे?

तिरपागडा (१२ ऑक्टोबर, सकाळी ९:०५)

नाताळच्या सुट्टीत उरकेल म्हणणाऱ्या बाबांना माझा साष्टांग नमस्कार. जागा पकडून बसलो आहे.

यंत्रवत (१२ ऑक्टोबर, सकाळी ९:५०)

तुमच्या मिस्टरांशी सहमत. एपीच्या विषयांत हा हलका समजला जातो. सूत्रांचा कागद आणि झेड, टी, काय-स्क्वेअरची कोष्टकं परीक्षेतच देतात, वर ग्राफिंग कॅल्क्युलेटर चालतो. आणखी काय हवं? माझ्या भाच्याने तीन आठवडे अभ्यास करून ५ (१ ते ५ मधले सर्वात वरचे) मिळवले.

तिरपागडा (१२ ऑक्टोबर, सकाळी ९:५८)

@यंत्रवत, नमुना संख्या: एक भाचा. निवड: मामाने केलेली.

मंजिरी_बाई (१२ ऑक्टोबर, दुपारी १:२०)

मी हा विषय शाळेत शिकवते आणि दोनदा जूनमध्ये पेपर तपासायलाही जाऊन आले आहे, म्हणून थोडं लांबण लावते.

आधी तुमचा तिसरा प्रश्न, कारण तो तातडीचा आहे. शाळेत बाकीचे एपी विषय असतील तर तिथे एक एपी कोऑर्डिनेटर असतात. त्यांना या आठवड्यातच गाठा. वर्ग नसलेल्या विद्यार्थ्यासाठी त्यांना 'एक्झाम ओन्ली' असा वेगळा विभाग उघडता येतो. ते जॉइन कोड देतात, मुलगा आपल्या कॉलेज बोर्डच्या (ही परीक्षा घेणारी संस्था) खात्यातून त्यात सामील होतो आणि शाळा त्याच्यासाठी परीक्षा मागवते. शाळांनी मागणी नोंदवायची शेवटची तारीख १५ नोव्हेंबर. शाळेची स्वतःची तारीख बहुधा त्याच्याही आधीची असते. फी यंदा ९९ डॉलर, मुदतीनंतर मागवली तर ४० डॉलर जास्त. शाळा नाही म्हणाली तर आसपासच्या शाळांत विचारावं लागतं, आणि बाहेरच्या मुलाला घेणं त्यांच्यावर बंधनकारक नसतं.

आता मे २०२५ ची परीक्षा. ४० बहुपर्यायी प्रश्नांना ९० मिनिटं, ६ लेखी प्रश्नांना ९० मिनिटं, दोन्ही भागांना निम्मं निम्मं वजन. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही गोल रिकामा सोडायचा नाही. यंदापासून बहुपर्यायी भाग संगणकावर असेल. लेखी प्रश्नही पडद्यावरच वाचायचे, पण उत्तरं कागदी वहीत हाताने लिहायची.

घोडं पेंड खातं ते लेखी भागात. तिथला प्रत्येक प्रश्न ० ते ४ वर तपासतात. प्रश्नाच्या प्रत्येक भागाला 'मुळात बरोबर', 'अंशतः बरोबर' किंवा 'चूक' असा शिक्का बसतो आणि त्यावरून अंक ठरतो. आकडा बरोबर आला पण तो काय सांगतो हे नीट लिहिलं नाही, तर 'अंशतः'. माझ्या वर्गात दर वर्षी कॅल्क्युलसवाली हुशार मुलं पहिल्या चाचणीत आपटतात आणि निबंध बरे लिहिणारी मुलं पुढे जातात. म्हणजे आकडेमोड येणाऱ्या बाबांपेक्षा 'हे वाक्य मला कळलं नाही' म्हणणारी आई या विषयाला जास्त उपयोगी. कैरीपन्हं, तुम्ही स्वतःला बाद करू नका.

अबोली_डब्ल्यू (१२ ऑक्टोबर, दुपारी २:४५)

कोऑर्डिनेटरबद्दल +१००. आम्ही जानेवारीत जागे झालो. पाच शाळांना फोन केले. दोघांनी उचललाच नाही, दोघांनी 'आमच्याच मुलांना खोल्या पुरत नाहीत' सांगितलं, पाचवी शाळा दीड तासावर होती. परीक्षेच्या दिवशी पहाटे साडेपाचला निघालो आणि लेकीला गाडीत उलटी झाली. सगळा खटाटोप एका ईमेलच्या आळसामुळे.

यंत्रवत (१२ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:३०)

मंजिरीताई, आदर ठेवून असहमत. गणिताच्या परीक्षेत वाक्यं तपासायची म्हणजे इंग्रजी घरात बोलत नाहीत अशा मुलांवर अन्याय नाही का? उत्तर बरोबर तर बरोबर.

मंजिरी_बाई (१२ ऑक्टोबर, रात्री ८:१०)

यंत्रवत, भाषेचं सौंदर्य कोणी बघत नाही, व्याकरणाचे गुण कापत नाहीत. बघतात ते एवढंच की पोराला आपण काय बोलतोय ते कळतंय का. साधं उदाहरण देते. दोन वर्गांच्या गुणांचे बॉक्सप्लॉट (मध्यक आणि पसारा दाखवणारे चौकटीचे आलेख) दिलेत, 'तुलना करा' म्हटलंय. विद्यार्थी लिहितो: अ वर्गाचा मध्यक ७२, ब वर्गाचा ७८. आकडे बरोबर, पण ही यादी झाली. 'ब वर्गाचा मध्यक अ वर्गापेक्षा जास्त आहे' असं लिहिलं की तुलना झाली. आकार, केंद्र, पसारा आणि वेगळे पडलेले बिंदू, या सगळ्यांवर बोलायचं आणि तेही गुणांबद्दल बोलायचं, नुसतं 'डेटा' म्हणून सोडायचं नाही.

किंवा रिग्रेशनमधल्या (ठिपक्यांमधून अंदाजाची सरळ रेषा काढतात ते) रेषेच्या उताराचा अर्थ. 'अभ्यासाचा एक तास वाढला की गुण ४ ने वाढतात' असं लिहिलं तर हुकलं. 'अंदाजित गुण सरासरीने ४ ने वाढतात' असं हवं. त्या दोन शब्दांतच विषय आहे. रेषा म्हणजे अंदाज, खरी मुलं तिच्या वरखाली विखुरलेली असतात.

रोहन_एटीफोर (१२ ऑक्टोबर, रात्री ११:१५)

मी २०२१ ला स्वतः घरी अभ्यास करून दिली होती, ४ आले. (मराठी टायपिंग आईकडून तपासून घेतलंय.) माझे दोन पैसे:

कॉलेज बोर्डच्या साइटवर जुने लेखी प्रश्न, त्यांची गुणदान पद्धत आणि मुलांच्या खऱ्या उत्तरांचे नमुने फुकट आहेत. मी पुस्तक जानेवारीपर्यंत वाचत बसलो आणि हे नमुने मार्चमध्ये उघडले. उलट करायला हवं होतं. ४ गुणांचं उत्तर आणि २ गुणांचं उत्तर शेजारी ठेवून वाचलं की दहा मिनिटांत जे कळतं ते व्हिडिओ बघून कळत नाही. व्हिडिओसाठी खान अकॅडमीवर अख्खा एपी स्टॅट्सचा कोर्स आहे, तो पुरला.

कॅल्क्युलेटरवर बायनॉमसीडीएफ (एन प्रयत्नांत अमुक यशांपर्यंतची शक्यता काढणारं बटण) दाबून उत्तर येतं, पण कागदावर नुसतं 'बायनॉमसीडीएफ(१०, ०.३, २)' लिहू नका. एन किती, पी किती, कुठपर्यंतची शक्यता काढली, हे नाव देऊन लिहायचं. आणि 'किमान ३' म्हणजे १ वजा '२ पर्यंत'. मी '३ पर्यंत' वजा केलं होतं. ती चूक अजून झोपेत आठवते.

सोनचाफा (१३ ऑक्टोबर, सकाळी ७:३०)

कॉलेजात क्रेडिट मिळतं का याबद्दल कोणी बोललंच नाही. आमच्या मोठ्याला ५ होते, पण इंजिनियरिंगला गेला आणि तिथे कॅल्क्युलसवर आधारलेला स्टॅट्सचा कोर्स सक्तीचा निघाला. एपीचं क्रेडिट ऐच्छिक विषयांत जमा झालं, म्हणजे पदवीच्या दृष्टीने शून्य. मानसशास्त्र, समाजशास्त्र, पब्लिक हेल्थ, नर्सिंगकडे मात्र बऱ्याच ठिकाणी पहिला स्टॅट्स कोर्स माफ होतो. ज्या दोन-चार कॉलेजांचा विचार आहे त्यांची पानं आधीच उघडून बघा.

कैरीपन्हं (१३ ऑक्टोबर, दुपारी १२:१०)

केवढी माहिती! कोऑर्डिनेटरना ईमेल टाकला. नवऱ्याला मंजिरीताईंचा प्रतिसाद वाचून दाखवला. म्हणाला, 'बघू.' हे आमच्या घरात फार मोठं वळण आहे.

पण एक विचारू? काल पी-व्हॅल्यू म्हणजे काय ते लेकाच्या पुस्तकात तीनदा वाचलं. मला कळलं ते असं: शून्य परिकल्पना खरी असण्याची शक्यता. बरोबर ना?

तिरपागडा (१३ ऑक्टोबर, दुपारी १२:१४)

आता धागा शंभरी गाठणार.

मंजिरी_बाई (१३ ऑक्टोबर, दुपारी ३:००)

नाही, आणि ही चूक करणाऱ्यांत तुम्हाला भरपूर शिकलेली माणसं सोबतीला आहेत. :)

लेकाच्या बास्केटबॉलवरच बघा. एक खेळाडू म्हणतो, 'माझे फ्री थ्रो ८० टक्के जातात.' आपण त्याचे ५० थ्रो मोजले, ३४ गेले, म्हणजे ६८ टक्के. आता तो खरं बोलतोय असं धरून चाला (हीच आपली शून्य परिकल्पना). त्याची क्षमता खरोखर ८० टक्के असेल तर नुसत्या योगायोगाने ५० पैकी ३४ किंवा त्याहून कमी जाण्याची शक्यता किती? एपीतल्या झेड-टेस्टने झेड येतो सुमारे उणे २.१२ आणि पी-व्हॅल्यू सुमारे ०.०१७. म्हणजे खऱ्या ८० टक्केवाल्याचा दिवस इतका वाईट जाणं शंभरात दोनदाही घडत नाही. म्हणून आपण त्याच्या दाव्यावर शंका घेतो.

तो खोटारडा असण्याची शक्यता किती, हे या आकड्याने सांगितलेलं नाही. सुरुवातच 'तो खरा आहे' असं धरून केली, मग त्याच गणितातून 'तो खरा असण्याची शक्यता' कशी निघेल?

पाटीपेन्सिल (१३ ऑक्टोबर, दुपारी ४:२०)

मी वकील. आमच्याकडे हे सोपं आहे. आरोपी निर्दोष असं धरूनच खटला सुरू होतो. पुरावा पुरेसा नसेल तर सुटतो, पण न्यायालय 'हा निष्पाप आहे हे सिद्ध झालं' असं म्हणत नाही.

मंजिरी_बाई (१३ ऑक्टोबर, दुपारी ४:४०)

अगदी हेच! म्हणून 'शून्य परिकल्पना स्वीकारली' असं कधीच लिहायचं नाही. 'नाकारण्याइतका पुरावा मिळाला नाही' इतकंच. निर्दोषाला शिक्षा झाली तर टाइप वन चूक, गुन्हेगार सुटला तर टाइप टू.

यंत्रवत (१३ ऑक्टोबर, संध्याकाळी ७:०५)

ते ५० थ्रो कधी मोजले? एकाच सरावात, ओळीने? बाबा बाजूला हाताची घडी घालून उभे असताना? मग रँडमची अट कुठे पाळली?

मंजिरी_बाई (१३ ऑक्टोबर, संध्याकाळी ७:२०)

यंत्रवत, तुम्ही नकळत पूर्ण गुणांकडे निघाला आहात. अटी तपासणं हाच अर्धा खेळ आहे. नमुना रँडम आहे का, परत न ठेवता निवडला असेल तर लोकसंख्येच्या (म्हणजे ज्या अख्ख्या गटाबद्दल बोलायचंय त्याच्या) १० टक्क्यांहून लहान आहे का, यश आणि अपयश दोन्हीची अपेक्षित संख्या किमान १० आहे का. इथे ५० गुणिले ०.२ म्हणजे नेमके १०, काठावर पास.

सोनचाफा (१३ ऑक्टोबर, रात्री ९:००)

अवांतर: टी-टेस्टवाला 'स्टुडंट' हा विद्यार्थी नव्हता हे मला चाळिशीत कळलं. विल्यम गॉसेट नावाचा गृहस्थ, डब्लिनला गिनेसच्या बिअर कारखान्यात नोकरीला. बार्ली नि हॉप्सचे मोजके नमुने हातात, त्यावरून निष्कर्ष काढायचे. लहान नमुन्यांचं गणित त्याने १९०८ साली प्रसिद्ध केलं ते 'स्टुडंट' या टोपणनावाने, कारण कंपनीला आपल्या माणसांनी स्वतःच्या नावाने लिहिलेलं चालत नव्हतं.

तिरपागडा (१३ ऑक्टोबर, रात्री ९:०४)

बिअरमधून निघालेला विषय पोरांना शाळेत शिकवतात. संस्कृती रसातळाला चालली आहे. (कृपया हलके घ्या)

पाटीपेन्सिल (१४ ऑक्टोबर, सकाळी १०:३०)

मला एक कळत नाही. नमुना मोठा घेतला की झालं ना? एवढं रँडम रँडम कशाला?

सोनचाफा (१४ ऑक्टोबर, सकाळी ११:१५)

१९३६ ची गोष्ट वाचा. रूझवेल्ट विरुद्ध लँडन. लिटररी डायजेस्ट नावाच्या साप्ताहिकाने सुमारे १ कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या, २० लाखांहून जास्त परत आल्या. त्यावरून छापलं की लँडन जिंकणार. प्रत्यक्षात रूझवेल्टने ४८ पैकी ४६ राज्यं घेतली. पत्ते काढले होते टेलिफोनच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांतून, मंदीच्या काळात. शिवाय ज्यांना रूझवेल्टचा राग होता तेच उत्साहाने उत्तर पाठवत होते. गॅलपने कितीतरी लहान नमुन्यावर जिंकणारा बरोबर सांगितला. नमुना मोठा केला की चढउतार कमी होतो, कल जात नाही. वाकडी पट्टी हजारदा लावली तरी माप वाकडंच.

कैरीपन्हं (२९ ऑक्टोबर, रात्री १०:००)

अपडेट: कोऑर्डिनेटर तयार झाल्या, कोड मिळाला, फी भरली. आता माघार नाही.

मंजिरीताई, वेळापत्रक सांगाल का?

मंजिरी_बाई (३० ऑक्टोबर, संध्याकाळी ५:४५)

अभ्यासक्रमाचे नऊ घटक आहेत. सगळ्यांना सारखा वेळ देऊ नका. एका चलाचे आलेख, सरासरी वगैरे त्याला बरंचसं येत असेल, दोन आठवड्यांत उरकू दे. दोन चलं आणि रिग्रेशनला तीन. मग माहिती गोळा करणे: यात एकही सूत्र नाही म्हणून मुलं हा घटक चाळून सोडतात आणि इथेच गुण जातात. रँडम निवड केली असेल तर निष्कर्ष सगळ्या लोकसंख्येला लावता येतो. रँडम वाटणी (प्रयोगात कोण कुठल्या गटात ते चिठ्ठीने ठरवणं) केली असेल तर कारण-परिणाम म्हणता येतं. हे दोन रोज सकाळी म्हणायला लावा. स्तर पाडून निवडणं आणि गठ्ठ्यांनी निवडणं यातला फरक त्याला तुम्हाला तोंडी समजावता आला पाहिजे.

नाताळपर्यंत शक्यतेत शिरायचं. शक्यतेत फार खोल जाऊ नका, पत्त्यांची आणि फाशांची कोडी मजेशीर असतात पण परीक्षेत त्यांचं तेवढं प्रस्थ नाही. जानेवारीचा पहिला पंधरवडा फक्त सॅम्पलिंग डिस्ट्रिब्यूशनला. हा घटक कळला नाही तर पुढचे चारही पाठांतर होतात. वेगवेगळ्या नमुन्यांच्या सरासऱ्यांचं मिळून एक नवं वितरण (कुठला आकडा किती वेळा येतो त्याचं चित्र) तयार होतं, ही गोष्ट गळी उतरायला वेळ लागतो. नाणं घ्या, २० वेळा उडवा, छाप्याचं प्रमाण एका ठिपक्याने मांडा. असे ५० ठिपके घरातल्या सगळ्यांनी मिळून काढा. मग प्रमाणं, सरासऱ्या, काय-स्क्वेअर आणि शेवटी रिग्रेशनच्या उताराचं इन्फरन्स (नमुन्यावरून निष्कर्ष काढणं) मार्चअखेर. एप्रिल पूर्ण सरावाला. आठवड्याला चार-पाच तास, आणि आजपासून दर रविवारी एक जुना लेखी प्रश्न, जेवढा शिकून झालाय त्यातला.

कैरीपन्हं (१९ जानेवारी २०२५, रात्री ९:३०)

नाण्याचा प्रयोग केला. १००० वेळा नाणं उडवलं! नवऱ्याने हट्टाने प्रत्येक ठिपका पट्टी लावून मांडला. ठिपक्यांचा ढीग मधे ०.५ पाशी चढत गेला तेव्हा लेक काही बोलला नाही, पण फोन ठेवून बघत बसला होता.

यंत्रवत (१९ जानेवारी, रात्री ९:५०)

ढिगाचं प्रमाण विचलन ०.११ च्या आसपास यायला हवं. आलं का?

कैरीपन्हं (१९ जानेवारी, रात्री १०:२०)

०.१२! नवरा विचारतोय तुम्ही कुठल्या कॉलेजचे.

कैरीपन्हं (२३ फेब्रुवारी, दुपारी ४:००)

आज बाप-लेकात पैज लागली. एकच प्रश्न दोघांनी वेगवेगळ्या खोल्यांत सोडवला. मंजिरीताई, तपासाल का? उत्तरं मराठीत आणून लिहिते.

प्रश्न: १२०० विद्यार्थ्यांच्या शाळेतून ८० जण रँडम निवडले. त्यातले ५२ जण शाळेच्या दिवशी रात्री ७ तासांपेक्षा कमी झोपतात. ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटर्व्हल (खऱ्या प्रमाणाच्या अंदाजाचा पट्टा) काढा आणि अर्थ सांगा. मुख्याध्यापक म्हणतात हे प्रमाण ७० टक्के आहे, त्याबद्दल काय म्हणाल?

उत्तर १: प्रमाण ०.६५. इंटर्व्हल (०.५४५, ०.७५५). पी या इंटर्व्हलमध्ये असण्याची शक्यता ९५% आहे. ०.७० आत आहे, म्हणून मुख्याध्यापकांचं म्हणणं बरोबर आहे.

उत्तर २: एका प्रमाणासाठी झेड-इंटर्व्हल वापरतो. नमुना रँडम आहे. ८० हे १२०० च्या १० टक्क्यांहून कमी. ५२ यश आणि २८ अपयश, दोन्ही १० च्या वर. ०.६५ अधिक-उणे १.९६ गुणिले ०.०५३३, म्हणजे (०.५४५, ०.७५५). आम्हाला ९५ टक्के खात्री आहे की ०.५४५ ते ०.७५५ या इंटर्व्हलमध्ये या शाळेतल्या सर्व विद्यार्थ्यांपैकी ७ तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांचं खरं प्रमाण सापडतं. ०.७० या आत आहे म्हणून मुख्याध्यापकांचं म्हणणं चुकीचं असल्याचा ठोस पुरावा नाही.

मंजिरी_बाई (२३ फेब्रुवारी, संध्याकाळी ७:१५)

उत्तर २: मुळात बरोबर, सगळीकडे. उत्तर १: आकडा छान, पण पद्धतीचं नाव नाही, अटी नाहीत, 'पी' म्हणजे कोणाचं काय हे नाही. आणि 'शक्यता ९५%' ही घोडचूक. इंटर्व्हल काढून झाल्यावर खरं प्रमाण एक तर त्यात आहे किंवा नाही, तिथे शक्यता उरलेली नसते. ९५ टक्के हे पद्धतीबद्दल आहे: असे अनेक नमुने घेऊन प्रत्येकाचा इंटर्व्हल काढला तर त्यातले सुमारे ९५ टक्के खऱ्या प्रमाणाला पकडतील. आणि ०.७० आत आहे म्हणून ते 'बरोबर' ठरत नाही. ०.६० पण आत आहे, मग तेही बरोबर का?

पहिलं उत्तर कोणाचं हे विचारत नाही.

तिरपागडा (२३ फेब्रुवारी, संध्याकाळी ७:१८)

मी विचारतो! मी विचारतो!

कैरीपन्हं (२३ फेब्रुवारी, संध्याकाळी ७:४०)

भांडी घासतोय तो.

रोहन_एटीफोर (६ एप्रिल, रात्री ११:५०)

शेवटचा महिना म्हणून दोन गोष्टी. सहावा प्रश्न वेगळा असतो, न शिकलेलं काहीतरी समोर ठेवून विचार करायला लावतात, आणि लेखी भागाचा पाव हिस्सा त्याचाच. त्याला २५ मिनिटं राखून ठेवायला सांगतात. मी तो शेवटी घेतला, ११ मिनिटं उरली होती. पहिले एक-दोन झाले की सरळ सहाव्यावर उडी मारा. त्याचे सुरुवातीचे भाग बहुधा सोपे असतात, ते सोडून यायचं नाही.

दुसरी, एका प्रश्नाची दोन उत्तरं लिहून 'तुम्हीच निवडा' करू नका. त्यातलं जे कमी दर्जाचं तेच धरतात. नको असलेल्यावर काट मारा.

सोनचाफा (७ एप्रिल, सकाळी ८:००)

कॅल्क्युलेटरच्या बॅटऱ्या. दोन कॅल्क्युलेटर नेता येतात, नेऊ दे.

कैरीपन्हं (११ मे, सकाळी १०:१५)

झाली परीक्षा. बाहेर आला तेव्हा चेहऱ्यावरून काही कळेना. प्रश्नांबद्दल बोलायचं नाही म्हणे. एवढंच म्हणाला की एका उत्तरात 'अंदाजित' हा शब्द लिहिला की नाही ते आठवत नाहीये. दोन दिवस त्याच शब्दावर अडकलाय. नवरा म्हणतो एका शब्दाने काय होतंय, आणि मग लगेच गप्प झाला.

कैरीपन्हं (८ जुलै, दुपारी २:३०)

निकाल: ४.

लेकाला ५ हवे होते, त्यामुळे तासभर दार बंद. त्याच्या यादीतल्या दोन कॉलेजांत ४ ला क्रेडिट आहे, एकात ५ च लागतात. मला विचाराल तर ज्या पोराला ऑक्टोबरमध्ये 'सरासरीच्या सरासऱ्या' म्हटल्यावर हसू येत होतं तो आता बातम्या बघताना 'नमुना कसा घेतला ते सांगतच नाहीत' म्हणून टीव्हीशी भांडतो. मंजिरीताई, तुमचे आभार कसे मानू. रोहन, सहाव्यावर उडी मारली होती त्याने, वेळ पुरला. यंत्रवत, तुमचा ०.११ अजून फ्रिजवर चिकटवलेला आहे.

यंत्रवत (८ जुलै, दुपारी ३:१०)

अभिनंदन! भाच्याचे तीन आठवडे मी मागे घेतो. बहिणीला विचारलं, तो आधी वर्षभर शाळेत हाच विषय शिकत होता.

तिरपागडा (८ जुलै, दुपारी ३:१२)

कन्फाउंडिंग (खरं कारण झाकणारा) मामा.

नवी_पालवी (९ सप्टेंबर, सकाळी ११:००)

धागा वर काढते, माफ करा. आमची मुलगी यंदा बारावीत, तिलाही घरीच करायचं आहे. आत्ता सुरू केलं तर उशीर झालाय का? कुठलं पुस्तक आधी घेऊ?

कैरीपन्हं (९ सप्टेंबर, सकाळी ११:२५)

उशीर अजिबात नाही, आम्ही तर ऑक्टोबरअखेर सुरू केलं होतं. पुस्तकाचं नंतर बघू. आज शाळेच्या कोऑर्डिनेटरना ईमेल टाकलात का? आधी तो टाका आणि मग इथे येऊन सांगा.